सोजरमायचा कोरडा बोअर

सोजरमायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई गेली.

धारूरच्या अलीकडं डोंगराच्या माथ्यावर एक वाडी आहे. आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या हद्दीतलं ते शेवटचं गाव. मी नुकताच बदलून आलो होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण हातात सुई असली की लोक डॉक्टरच म्हणतात, आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पावसाळ्याआधी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायची असते, त्यासाठी मी वाडीवर निघालो होतो. वैशाखातली सकाळ, दहाचा सुमार. वाटेतल्या उजाड माळावर एक म्हातारी पालथी पडलेली दिसली. जमिनीतून वीतभर वर आलेल्या एका लोखंडी पाइपाच्या तोंडाला तिनं गाल लावलेला होता, डोळे मिटलेले होते, आणि भोवती साठ-सत्तर मेंढरं माना खाली घालून उभी होती. ती चरत नव्हती, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी मोटरसायकल तशीच टाकून धावलो. जवळ पोचलो तशी म्हातारीनं डोळे न उघडता एक हात वर केला. गप्प उभं राहायची खूण होती ती, आणि मी मुकाट्यानं उभा राहिलो.

थोड्या वेळानं ती उठली. गालावर पाइपाचा गोल उमटला होता, तो तिनं पदरानं चोळला.

"कुनीकडचे?"

"दवाखान्यातून आलोय. लस द्यायची आहे."

"उद्या द्या. आज घरला जावा. दिस कलला की गारा पडत्यात."

आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. मी मूळचा गेवराईकडच्या चकलांब्याचा, सपाटीवरचा माणूस. आमच्याकडं पावसाचं बोलायचं तर वर बघून बोलतात. जमिनीला गाल लावून आभाळाचं सांगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हसलो, हट्टानं निम्म्या मेंढरांना लस टोचली आणि परत निघालो. साडेतीनला घाटाच्या वळणावर लिंबाएवढ्या गारांनी मला गाठलं. रस्त्याखालच्या मोरीत अंग चोरून बसलो होतो, मोटरसायकलच्या टाकीवर गारा वाजत होत्या, आणि मला राग येत होता तो त्या म्हातारीचा. जसं काही तिनंच त्या पाडल्या होत्या.

पुढं चार वर्षं माझं वाडीवर जाणं-येणं राहिलं. सोजरमाय उंच होती, वाळलेल्या शेंगेसारखी सडसडीत. तिच्या उजव्या गालावर गंजाच्या रंगाची एक अर्धी कोर होती. रोज पाइपाला गाल लावून लावून ती कातडीत उतरली होती, धुऊनही जात नसे. बोलणं मोजकं. बोअरला ती बोअर म्हणायची नाही. "त्ये" म्हणायची. "त्ये वर यायलंय," "त्ये आत जायलंय," एवढ्यात तिचं सगळं हवामान मावायचं. घरात मीठ ओलं झालं, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या, टिटवीनं उंचावर अंडी घातली, ही सगळी लक्षणं तिला ठाऊक होती, पण त्यांना ती फार किंमत देत नसे.

"खरं हाय ते समदं," ती एकदा म्हणाली. "पर टिटवी तिच्या अंड्यापुरतं बगती. मीठ तर पाऊस दारात आल्यावर सांगतंय. मेंढरं डोंगरावरून खाली आनायची तर चार घंटे आदी कळाया पायजे."

तिच्या माहेरी, धारूरच्या पलीकडच्या कड्यावर, खडकाला एक भोक होतं. तिची आई रोज सकाळी मेंढरं काढायच्या आधी तिथं गाल लावायची, आईची आईही लावायची. पुरुष त्या वाटेला जात नसत. लग्न होऊन ती या वाडीवर आली तेव्हा इथं तसं काही नव्हतं, आणि पुढची वीस वर्षं आपण आंधळ्यासारखी मेंढरं राखली, असं ती सांगायची. मग नवऱ्यानं घराजवळच्या माळावर बोअर घेतला. साडेचारशे फूट गेले तरी नुसती भुकटी. नवरा डोक्याला हात लावून बसला, गाडीवाले तोंडाचा तेवढा पाइप ठेवून निघून गेले. सोजरमाय बाजूला उभी होती, आणि तिच्या घोट्याला गार हवा लागली.

"ह्यांला वाटलं मी पान्यासाटी रडायलेय," ती सांगायची. "मला तर म्हाईर भेटल्यावानी झालतं."

नवरा पुढं तापानं गेला. मागं राहिली ती, मेंढरं आणि मुलगा बंकट. बंकट पस्तिशीचा झाला होता. गडी कामाला वाघ, दिसायलाही चांगला, पण मेंढरं राखणाऱ्याला हल्ली कुणी मुलगी देत नाही. या विषयावर मी त्याची फार चेष्टा करायचो. तो हसायचा आणि मान खाली घालायचा.

बोअरची शिस्त तिनं मला हळूहळू समजावली. रोज सकाळी ते हवा आत ओढतं आणि दुपार कलली की वर सोडतं. ते त्याचं रोजचं, त्यात काही नाही. ज्या दिवशी सकाळी आत जायच्या वेळेला ते वर येतं, त्या दिवशी भ्यायचं. जोर किती, गारवा किती, यावरून ती पुढचं सांगे. वाडीतली माणसं कांदा उघड्यावर टाकण्याआधी बंकटला फोन करत, "माय काय म्हनती?" लग्नाच्या तारखा विचारायलाही लोक येत. त्यांना ती हाकलून देई. "आजचं सांगतंय त्ये. पुढच्या म्हैन्यातलं त्येला कुटं ठावं?"

एका कोकराची गोष्ट मला बंकटनं सांगितली. मी इथं येण्याच्या बऱ्याच आधीची. एक मेंढी माळावरच व्याली आणि तिचं एका दिवसाचं कोकरू त्या पाइपात गेलं. खाली कुठंतरी अडकलं आणि ओरडायला लागलं. काढायची काही सोय नव्हती. सोजरमायनं दोरीला चिंधी बांधली, दुधात भिजवली आणि खाली सोडली. चिंधी वर आली ती चोखून कोरडी झालेली. दोन दिवस ती हेच करत राहिली. तिसऱ्या दिवशी चिंधी जशी सोडली तशीच दुधानं ओली वर आली, म्हणजे खाली चोखणारं कुणी उरलं नव्हतं.

"पर आवाज येतच व्हता, साहेब," बंकट म्हणाला.

"मग बंद कधी झाला?"

"मला दोन-चार दिसांनी यायचा बंद झाला. माय म्हनती, झालाच न्हाई."

ती मेंढी मी पाहिली आहे. म्हातारी झाली होती, दात पडले होते, दुसरा कुणी तिला केव्हाच विकून मोकळा झाला असता. बोअर वर यायला लागला की सगळ्यांच्या आधी तीच मान उचलायची आणि पाइपाकडं चालायला लागायची. तिच्या मागं बाकीची. पहिल्या दिवशी मेंढरं चरत का नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

एकदा मीही तिथं गाल लावला. सोजरमायनंच लावायला सांगितलं. दुपारची वेळ, वर ऊन मी म्हणत होतं, आणि त्या पाइपातून गार, ओलसर हवा संथपणे गालावर येत होती. एका लयीत यायची, मध्येच थांबायची, पुन्हा यायची. त्या हवेला वास होता.

"वास यायलाय का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

दहा वर्षं मी मेंढरांत काढली आहेत. ओल्या लोकरीचा आणि कच्च्या दुधाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. तरी मी नाही म्हणालो.

त्यानंतर मी या गोष्टीच्या हात धुऊन मागं लागलो. चार ठिकाणी विचारलं, डोकं चालवलं, आणि उलगडा झाला. आपल्याकडचा खडक आतून भेगाळलेला असतो. खाली हवेची मोठी पोकळी असते. वादळाआधी वरच्या हवेचा दाब उतरतो, तेव्हा आतली हवा बाहेर येते. दाब चढला की बाहेरची आत जाते. एवढी साधी गोष्ट. मी खूश झालो. लसीची रिकामी बाटली आणि सिरिंज घेऊन सोजरमायला प्रयोग करून दाखवला. तिनं तो लक्ष देऊन पाहिला.

"आसंल," ती म्हणाली. "आमची आय म्हनायची, डोंगर जित्ता हाय, त्यो दम घेतो. तुमी दाब म्हनता. मेंढरं खाली आनायचीच की दोनीकडून."

मला ते उत्तर लागलं. आपण एवढं शोधून काढावं आणि समोरच्याला त्याची गरजच नसावी, हे मला कधी सोसत नाही.

मग तो चैत्रातला दिवस आला. वाडीत एका घरी साखरपुडा होता. पाहुण्यांत बंकटसाठी एक स्थळही येणार होतं, मुलीचे मामा. बंकटनं नवा शर्ट घेतला होता. सकाळी आठ वाजता सोजरमायनं बोअरला गाल लावला आणि झटका बसावा तशी मागं सरली. आतून हवा शिटी वाजवत वर येत होती, धुळीसकट, पदर उडेल एवढ्या जोरानं. आयुष्यात तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं. ती वाडीत धावत सुटली. सोजरमाय धावताना कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळं लोकांनी एक शब्द विचारला नाही. मांडव उतरवला, स्वयंपाक देवळात हलवला, कांदा झाकला, जनावरं आत बांधली. पाहुणे आले ते देवळाच्या ओवरीत दाटीवाटीनं बसले.

मी जेवायच्या आमंत्रणावर एक वाजता पोचलो. आभाळात ढगाचं बोटसुद्धा नव्हतं. पानही हलत नव्हतं. देवळात माणसं घामानं निथळत होती आणि सोजरमाय पायरीवर बसून आभाळाकडं बघत होती. येताना मी टेकाडापलीकडं पांढऱ्या धुळीचा लोट पाहिला होता. कुणाच्या तरी शेतात बोअरची गाडी लागली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीचा कंप्रेसर खडकात हवा कोंबतो. ती हवा भेगांतून इकडं येत होती.

मी तिथंच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मला दाखवायचं होतं. मी सगळ्यांना माळावर नेलं. गाडीवाल्याचा नंबर एकाकडं होता. फोन लावून मी मशीन बंद करायला सांगितलं. शिटी थांबली. चालू करायला सांगितलं, धूळ उडाली. बंद, चालू. तिसऱ्या वेळेला मी नुसता हात वर केला, फोनवाल्यानं निरोप दिला आणि बोअर गप्प झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, खोटं कशाला सांगू.

मुलीचे मामा हसत कुणाला तरी म्हणाले, "म्हातारी पाइपात तोंड घालून गावाला पळवती म्हनं." बंकट शेजारीच उभा होता. त्यानं नव्या शर्टाच्या बाह्या उगाचच खाली ओढल्या. स्थळ तिथंच बारगळलं.

गर्दी पांगल्यावर सोजरमाय माझ्याजवळ आली.

"गाडी ढकलत व्हती म्हंजी."

"हो, माय."

"मंग आजवर कोन ढकलत व्हतं?"

"कुणी नाही. दाब असतो तो हवेचा. कुणी ढकलत नाही."

"कुनी न्हाई," ती म्हणाली आणि पाइपाकडं बघत राहिली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला कळलं नाही. आता वाटतं, ती घाबरली होती. पावसाला, गारांना कधी न भ्यालेली बाई पहिल्यांदा घाबरली होती, आणि तिला मी घाबरवलं होतं.

उघडे बोअर बंद करा, लेकरं पडतात, असा कागद ग्रामपंचायतीकडं आलेलाच होता. मीही बंकटला म्हणालो, "कुणाचं पोर पडलं तर तुझ्या गळ्यात येईल." त्यात चूक काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात बंकटनं पाइप बुडापासून कापला, वर फरशी बसवली आणि सिमेंटानं लिंपून टाकलं. सोजरमाय उभी राहून बघत होती. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"पानी माराया लागतंय त्येच्यावर," ती म्हणाली. "न्हाई तर चिरा पडत्यात."

आठ दिवस ती रोज तीन वेळा त्या सिमेंटावर पाणी मारत होती.

ती कोकराची मेंढी दोन दिवस फरशीपाशी घुटमळली. मग तिनं जागा बदलली. घराच्या मागच्या अंगाला, चुलीच्या भिंतीला नाक लावून उभी राहायला लागली. बंकट म्हणाला, म्हातारी झाली, दिसत नसेल. मीही तेच म्हणालो.

वैशाखात मी पुन्हा लशी घेऊन वाडीवर गेलो. निघायला उशीर झाला होता. बंकट वाट बघून मेंढरं घेऊन डोंगरावर गेला होता, ती म्हातारी मेंढी तेवढी घरी राहिली होती. म्हटलं, असू दे, परवा येऊ. सोजरमाय चुलीपुढं भाकरी थापत होती. मला तिनं उंबऱ्याच्या आत बसवलं, पाणी दिलं. साडेदहा झाले असतील. बाहेर वारा पडलेला, अंगणात वाळत घातलेलं लुगडं दगडासारखं स्थिर. आणि आत चुलीतली राख वर येत होती.

जाळ लहान होता, एका बाजूला वाकलेला. चुलीच्या बुडाशी जमिनीला एक बारीक चीर होती. तिथून राख उठायची, हातभर वर यायची आणि हळूच खाली बसायची. थांबायची. पुन्हा उठायची. परातीतल्या पिठावर, भाकरीवर, सोजरमायच्या मनगटांवर राखेचा थर बसला होता. मी बघत राहिलो. भिंतीपलीकडून त्या मेंढीच्या श्वासाचा आवाज येत होता, की तो दुसराच कसला होता, मला सांगता येणार नाही.

सोजरमायनं एक हात जमिनीला टेकला, उठायला. एक गुडघा वर घेतला. आणि थांबली. माझ्याकडं वळली.

"डाक्टर, आज कुटं बोरची गाडी चालू हाय का?"

येताना मी गाडी पाहिली होती. खिंडीच्या अलीकडं, चहाच्या टपरीशेजारी उभी होती. उभी.

"आहे की," मी म्हणालो. "खिंडीपाशी."

"तुमी बगितली?"

"आत्ता बघूनच आलो."

ती क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग वर घेतलेला गुडघा तिनं खाली केला आणि टेकलेला हात पुन्हा परातीत घातला. तव्यावरची भाकरी उचलून तिच्यावरची राख फुंकली, झटकली, आणि ठेच्याबरोबर माझ्यापुढं ठेवली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

परत जाताना खिंडीपाशी मी थांबलो. गाडीखाली सावलीत दोघं-तिघं झोपले होते, एक जण बटाटे चिरत होता. मशीनचा खांब आडवा होता.

"आज कुठं लावली होती?" मी विचारलं.

"कुटं लावायची? चार दिस झाले, पार्टच आला न्हाई."

तेव्हा बारा वाजायला आले होते. आभाळ स्वच्छ होतं. फोन माझ्या खिशात होता आणि बंकटचा नंबर त्यात होता. मागं फिरलो असतो तर अर्ध्या तासात वाडीवर पोचलो असतो. फोन करून सांगायचं काय, तर चुलीतून राख उडाली. गावासमोर हात वर करून बोअर गप्प करणाऱ्या माणसानं हे सांगायचं. लोक काय म्हणतील, हे मी किती वेळ मनात घोळवलं, मला आठवत नाही. मी किक मारली आणि खाली उतरलो.

अडीचच्या सुमाराला वीज पडली. मेंढरं भेदरली की एकमेकांत डोकी खुपसून घोळका करतात. बंकट त्या घोळक्याच्या मधोमध उभा होता. झाडाखाली गेला नव्हता, तेवढं त्याला कळत होतं. वीज घोळक्यातच पडली.

मेलेल्या मेंढरांचा पंचनामा करायला दुसऱ्या दिवशी मलाच जावं लागलं. तो माझ्या नोकरीचा भाग होता. बावीस होती. गोल पडली होती, तोंडं आतल्या बाजूला. मधली जागा मोकळी होती, तिथून बंकटला आदल्या दिवशी उचललं होतं. मी नोंद करत होतो तोवर सोजरमाय थोड्या अंतरावर दगडावर बसून होती. रडत नव्हती. माझं लिहून झालं तशी ती उठून जवळ आली.

"गाडी चालू व्हती ना, डाक्टर?"

तिला काय हवं होतं ते मला समजत होतं. राख खरी होती की खोटी, एवढंच तिला माझ्याकडून कळायचं होतं. खरी म्हणालो असतो, तर आपण उठत होतो आणि या माणसाच्या शब्दावर बसलो, हे तिला जन्मभर पुरलं असतं. पण तिचं जाणतेपण तिच्यापाशी राहिलं असतं. मी मनाशी म्हणालो, म्हातारीला आधीच काय कमी आहे, वर हे कशाला. ते कारण खोटं होतं. मला तिची भीती वाटत होती.

"चालू होती," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जायच्या आधी मी वाडीवर गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो. वाडीतल्या लोकांनी वाटेतच सांगितलं होतं, म्हातारी आता बदलली आहे. सगळ्यांना विचारत असते. शाळेच्या बाईंना विचारते, दूधवाल्याला विचारते, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून विचारते. धुणं वाळत घालू का, मेंढरं सोडू का. लोक काहीतरी सांगतात आणि ती तसं करते. काही टवाळ पोरं मुद्दाम उलटं सांगतात. ती तसंही करते.

चूल तिनं मातीनं भरून सारवून टाकली होती. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. तिनं मला चहा दिला, बदलीचं गाव कुठलं ते विचारलं, तिथं पाणी कसं आहे ते विचारलं. माझ्यावर तिचा राग नव्हता. तेच मला बघवत नव्हतं. मी निघायला उठलो आणि उंबऱ्यात बूट घालायला थांबलो. दहा वाजले होते. अंगणात उरलेली मेंढरं जाळीच्या आत उभी होती. वारा नव्हता.

माझ्या घोट्याला गार हवा लागली.

उंबऱ्याच्या दगडाखालून येत होती. थांबली, पुन्हा आली. सकाळी दहा वाजता, आत जायच्या वेळेला. मी पाय मागं घेतला, दुसरीकडं ठेवला. तिथंही लागली. तिच्यात तो वास होता. सोजरमाय माझ्या समोर, हातभर अंतरावर, अनवाणी उभी होती. तिच्या पायांना ती लागत नसेल असं होणं शक्य नव्हतं. तिनं पायांकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं काठी हातात घेतली आणि माझ्याकडं पाहिलं.

"डाक्टर, मेंढरं वर न्हेऊ का आज?"

"नका नेऊ, माय," मी म्हणालो.

"कावून?"

सांगायची ती वेळ होती. सगळं सांगायची. गाडी बंद होती, माय. राख खरी होती. आत्ता हे तुमच्या पायाला लागतंय तेही खरं आहे. मी तोंड उघडलं, आणि मला पंचनाम्याचा कागद दिसला, परातीत परत गेलेला तो हात दिसला.

"असंच," मी म्हणालो. "माझं ऐका."

तिनं दुसऱ्यांदा कावून म्हणून विचारलं नाही. शहाण्या मुलीसारखी मान हलवली, काठी भिंतीला लावली, जाळीची सोडलेली गाठ पुन्हा बांधली आणि मेंढरांकडं तोंड करून दारात बसली. मी मोटरसायकल सुरू केली, वळणावरून एकदा मागं बघितलं. ती तशीच बसली होती, पाय उंबऱ्याखाली सोडून. आभाळ अजून निळंच होतं. बंकटच्या आईनं माझं दुसऱ्यांदा ऐकलं होतं.